आयडीआय चाचणी: आकडा ठीक, पण खरे पैसे द्यायचे ते त्यानंतरच्या तासाचे

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ‘कल्चर ट्रेनिंग’ या नावाखाली जे खपतं, त्यातलं बरंचसं जपानी माणसाला कार्ड दोन हातांनी द्यावं आणि जर्मन माणसाला पाच मिनिटंही ताटकळत ठेवू नये, एवढ्यावर संपतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते लक्षात राहतं. इंटरकल्चरल डेव्हलपमेंट इन्व्हेंटरी, म्हणजे आयडीआय, हे वेगळ्या जातीचं साधन आहे. कुठल्याही देशाबद्दल ती काहीच शिकवत नाही. वेगळ्या रीतीभातीचा माणूस समोर आला की आपण त्याचं वागणं कोणत्या चाळणीतून गाळून घेतो, एवढंच ती मोजते. हे काम ती बऱ्यापैकी चोख करते. घोळ होतो तो विकत घेणाऱ्यांकडून: अहवालाची पीडीएफ हातात पडली की प्रशिक्षण झालं, असं धरून फाइल बंद होते.

चाचणीच्या मुळाशी अमेरिकन अभ्यासक मिल्टन बेनेट यांनी १९८६ साली मांडलेलं प्रारूप आहे. सांस्कृतिक फरकाकडे बघण्याची नजर टप्प्याटप्प्यानं पिकत जाते, असं ते सांगतं. मिचेल हॅमर यांनी बेनेट यांच्याबरोबर त्यावरून प्रश्नावली तयार केली आणि पुढे तिच्यात बरेच बदल केले. मूळ प्रारूपात सहा टप्पे होते; आजच्या आयडीआयमध्ये पाच आहेत. मधला टप्पा, म्हणजे पुढे येणारं मिनिमायझेशन, बेनेट आत्मकेंद्री (आपलीच संस्कृती मापदंड मानणाऱ्या) बाजूला धरत, तर आयडीआय त्याला वाटेतला मुक्काम मानते. फरक किरकोळ वाटेल, पण अहवाल वाचताना त्याचा उपयोग होतो.

चाचणी ऑनलाइन असते. ५० विधानं येतात आणि प्रत्येकाशी आपण कितपत सहमत आहोत ते पाच पायऱ्यांवर सांगायचं असतं. १५ ते २० मिनिटं पुरतात. शिवाय चार मोकळे प्रश्न असतात: वेगळ्या संस्कृतींचा अनुभव किती, त्यात सगळ्यात अवघड काय जातं, कामात कुठे हा फरक सांभाळावा लागतो आणि तसा एखादा प्रसंग कोणता. हे प्रश्न ऐच्छिक असल्यानं लोक बिनधास्त सोडून देतात, आणि तिथेच निम्मं नुकसान होतं. गुणांमध्ये या उत्तरांची भर पडत नाही, पण अहवाल समजावून देणाऱ्याच्या हातात नेमकं हेच लागतं. ती जागा कोरी असेल तर पुढची सगळी चर्चा हवेत होते. तेव्हा लिंक पाठवतानाच ‘चारही प्रश्नांना किमान तीन-तीन ओळी’ असं लिहून पाठवावं.

निकाल पडद्यावर दिसत नाही. तो आयडीआयचं प्रशिक्षण घेऊन पात्र ठरलेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे जातो आणि त्यानं तो समोर बसून उलगडून सांगायचा असतो. यात धंद्याचा हिशेब आहेच; सगळ्या किल्ल्या कंपनीच्या हातात राहतात आणि गुण नेमके कसे काढले हे बाहेरच्याला तपासता येत नाही. तरी नियम योग्य आहे. एकट्यानं वाचलेला हा अहवाल बहुतेकांना एक तर चपराक वाटतो, नाही तर प्रशस्तिपत्रक.

आता ते पाच टप्पे. नावं इंग्रजीच रुळली आहेत.

पहिला डिनायल. यात राग-लोभ नसतो, फरक नजरेतच भरत नाही. कोची, चेन्नई, हैदराबाद कुठलाही माणूस ‘साउथ इंडियन’, मणिपूर आणि मिझोरमची मुलं सरसकट ‘नॉर्थ-ईस्टची’, पोलंड आणि पोर्तुगाल दोन्ही ‘युरोपवाले’.

दुसरा पोलरायझेशन: आपण आणि ते. याला दोन तोंडं आहेत. एक ओळखीचं आहे: ‘त्यांच्याकडे पैसा असेल, पण माणुसकी आपल्याकडेच.’ दुसरं तोंड उलटं असतं आणि आपल्या ऑफिसांमध्ये ते सर्रास उदारपणा म्हणून खपून जातं: ‘तिकडे शिस्त म्हणजे शिस्त, आपल्याकडे सगळा आनंदीआनंद.’ परदेशी वाऱ्या करून आलेल्या वरिष्ठांच्या तोंडी हे वाक्य अनेकदा असतं आणि ते स्वतःला फार खुल्या मनाचे समजत असतात. आयडीआय याला रिव्हर्सल म्हणते आणि अहवालात वेगळं दाखवते. भारतीय टीमसाठी संपूर्ण अहवालातली सगळ्यात कामाची ओळ कदाचित हीच असेल, कारण रिव्हर्सलमधला मॅनेजर परदेशी ग्राहकाची प्रत्येक सूचना मुकाट्यानं मान्य करतो आणि इथल्या टीमची अडचण वरपर्यंत पोचूच देत नाही.

तिसरा मिनिमायझेशन: ‘शेवटी माणूस इथून तिथून सारखाच.’ ऐकायला गोड, आणि खोटंही नाही. पण ‘सारखा’ म्हणजे ‘माझ्यासारखा’ असा त्याचा छुपा अर्थ असतो. बहुतेक लोक इथेच सापडतात, त्यामुळे याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

चौथा अ‍ॅक्सेप्टन्स. फरक दिसतो, त्यामागचं कारण कळतं, पण करायचं काय ते सुचत नाही. पुण्यातला इंजिनिअर ‘बघतो’ म्हणाला म्हणजे बहुधा नाही, हे या टप्प्यावरच्या परदेशी मॅनेजरला कळलेलं असतं. त्यावर तो फक्त मान डोलावतो.

पाचवा अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे त्या कळण्याप्रमाणे वागणं बदलणं. ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असं विचारलं की वरिष्ठासमोर ‘हो सर’ हेच उत्तर येणार. म्हणून प्रश्नच बदलायचा: ‘शुक्रवारी द्यायचं तर मध्ये काय काय आडवं येईल?’ आता अडचण सांगणं म्हणजे नकार देणं उरत नाही, मागितलेली माहिती देणं होतं. उलट बाजूनं, डच किंवा जर्मन ग्राहकानं सरळ ‘हे चूक आहे’ म्हटलं तर तो कागदावर बोलतोय, माणसावर नाही, असं धरून त्याला तितक्याच सरळ उत्तर देता येणं, हेही अ‍ॅडॅप्टेशनच.

अहवालात मुख्य आकडे दोन असतात. आपण स्वतःला कुठे समजतो तो एक, आणि उत्तरांवरून चाचणी आपल्याला कुठे ठेवते तो दुसरा. पहिला जवळजवळ नेहमीच मोठा असतो. दोघांत ७ किंवा अधिक गुणांचं अंतर असेल तर ते दखल घेण्याजोगं मानतात. समजा एखाद्याचे आकडे १२१ आणि ९३ आले. स्वतःच्या मते तो अ‍ॅक्सेप्टन्समध्ये आहे, प्रत्यक्षात मिनिमायझेशनमध्ये. असा माणूस ‘मला हे सगळं माहीत आहे’ म्हणत येतो, आणि त्याच्याशी पहिली दहा मिनिटं फार जपून बोलावं लागतं.

याखेरीज मागे रेंगाळलेले टप्पे दाखवणारं पान असतं. घाईत बरेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ते उलटून टाकतात. तसं होऊ देऊ नका. एरवी माणूस १०५ वर असतो, पण पोलरायझेशनचा काही भाग सुटलेला नसतो. मग रिलीजच्या आदल्या रात्री, रात्री अकराच्या कॉलवर, ‘हे लोक असेच’ असं तोंडातून निघतं. ताणाखाली माणूस कुठे घसरेल याचा अंदाज या पानावरून येतो. आणखी एक मोजमाप मुख्य पट्टीच्या बाहेर ठेवलेलं आहे: स्वतःच्याच समाजापासून तुटल्यासारखं वाटणं. गाव सोडून शहरात, शहर सोडून परदेशात गेलेल्यांच्या अहवालात ते आलं तर गडबडून जायचं कारण नाही. तो गुणदोष नसतो, पण त्यावर बोलायला वेळ ठेवावा.

आता पहिली तक्रार. आयडीआयची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप, १५ आहे. मिनिमायझेशनचा पट्टा ८५ ते ११५. संख्याशास्त्राचं पहिलं पुस्तक चाळलेल्याच्याही लक्षात येईल की सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक विचलन म्हणजे साधारण दोन तृतीयांश माणसं. ‘तुमच्या टीममधले ६५-७० टक्के लोक मिनिमायझेशनमध्ये आहेत’ हे वाक्य सल्लागार मोठा शोध लावल्याच्या थाटात स्लाइडवर टाकतात, तेव्हा ते निम्मं पट्टीच्या आखणीबद्दलच बोलत असतात. त्या आकड्यानं दचकू नये आणि त्याच्या जोरावर सहा महिन्यांचं कंत्राट तर मुळीच देऊ नये. विचारायचं ते हे: हे लोक पट्ट्याच्या खालच्या टोकाला आहेत की वरच्या, आणि ८५ च्या खाली किती जण आहेत? ८७ आणि ११३ या दोघांवर शिक्का एकच बसतो, पण काम अगदी निराळं करावं लागतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. आयडीआय फरक मोजते, सत्ता मोजत नाही. ‘आमच्याकडे कोणी जातपात बघत नाही’ हे वाक्य घ्या. ज्याचं आडनाव ऐकून कुणाच्या भुवया कधी वर गेल्या नाहीत, तो हे म्हणतो तेव्हा त्याला बघण्याची गरजच पडलेली नसते. दुसरीकडे एखादा दलित कर्मचारी ओळख करून देताना फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला जिल्ह्याचं नाव सांगून विषय बदलतो आणि कॅन्टीनमध्ये डब्यावरून निघालेल्या गप्पांत गप्प राहतो. त्याचीही उत्तरं मिनिमायझेशनचीच येऊ शकतात, कारण फरक झाकणं हे त्याचं संरक्षण आहे. दोघांचा आकडा ९८ येईल आणि दोघांना एकच सल्ला मिळेल: ‘फरकांकडे अधिक लक्ष द्या.’ दुसऱ्याला हा सल्ला देणं हास्यास्पद आहे. त्याचं लक्ष चोवीस तास तिथेच असतं. अल्पसंख्य गटांतल्या लोकांचं मिनिमायझेशन वेगळं असतं, हे या क्षेत्रातली जाणती माणसं मान्य करतात, पण अहवालाच्या छापील मजकुरातून ते आपोआप कळत नाही. समजावून देणाऱ्याला ते ओळखता आलं पाहिजे. म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निवडताना त्याला एकच प्रश्न विचारा: एकाच गुणांच्या, पण वेगळ्या सामाजिक स्थानावरच्या दोन माणसांशी तुम्ही वेगळं काय बोलाल? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा शोधा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनाही हे लागू आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहरानं भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, त्यामुळे ‘हा आपला घरचा विषय’ म्हणून तिथल्या टीममध्येही तो बाजूला सारता येत नाही.

भारतात ही चाचणी घेताना आणखी एक खड्डा आहे. विधानं ‘माझी संस्कृती’ आणि ‘इतर संस्कृती’ अशा भाषेत असतात. माझी म्हणजे कोणती? मराठी, भारतीय, कोकणी, बौद्ध, की आयटीवाल्यांची? हे आधी ठरवलं नाही तर माणूस दहावं विधान मराठी म्हणून वाचतो आणि चाळिसावं भारतीय म्हणून, आणि आकडा कशाचाच राहत नाही. सुरू करण्यापूर्वी प्रत्येकानं आपला गट एका कागदावर लिहावा, कागद समोर ठेवावा आणि शेवटपर्यंत तोच धरावा. चर्चेच्या वेळी तो कागद बरोबर आणायला सांगावं.

भाषेचंही तसंच. चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या जर्मन आणि कोरियन कंपन्यांत परदेशी वरिष्ठांशी रोजचा संबंध लाइन सुपरवायझरचा येतो, पण चाचणी मिळते ती वातानुकूलित केबिनमधल्यांना. सुपरवायझरला इंग्रजी प्रश्नावली दिली तर त्याची संवेदनशीलता मोजली जाणार नाही, इंग्रजीच मोजलं जाईल. एचआरच्या कोणी शेजारी बसून तोंडी भाषांतर करून सांगणं त्याहून वाईट. विधानांची शब्दरचना तोलून केलेली असते, ती बिघडते, आणि एचआरसमोर कोण खरं उत्तर देणार? ज्या भाषेत माणूस सहज वर्तमानपत्र वाचतो त्या भाषेतली अधिकृत आवृत्ती मिळत नसेल तर त्या गटासाठी आयडीआयचा नाद सोडावा. त्याऐवजी शिफ्टमध्ये घडलेले चार-पाच खरे प्रसंग घेऊन दोन तास मराठीत चर्चा केली तर पैसेही वाचतात आणि फळही जास्त मिळतं.

चाचणी घेण्याचा क्रम असा ठेवावा. आधी अर्ध्या तासाची बैठक: ही परीक्षा नाही, निकाल कोण बघणार आणि कोण नाही, हे लेखी सांगायचं. पाच टप्पे मात्र आत्ता शिकवायचे नाहीत. ते कळले की लोक ‘बरोबर’ उत्तरं शोधायला लागतात. मग आठवडाभराची मुदत. सगळ्यांच्या चाचण्या झाल्यावर अडीच-तीन तासांचं गटसत्र, त्यात आधी टप्पे उदाहरणांसह समजावायचे आणि त्यानंतर गटाचा निकाल दाखवायचा. वैयक्तिक अहवाल त्यानंतर, शक्यतो त्याच आठवड्यात, प्रत्येकी ४५ मिनिटं ते तासभर, दार बंद करून. अहवाल ईमेलनं आधी पाठवू नये. आकड्यावर पहिली दहाच मिनिटं घालवावी. उरलेला वेळ त्या चार मोकळ्या उत्तरांना आणि येत्या महिन्यात कामात काय वेगळं करून बघायचं याला.

बिघडतं कुठे? वरिष्ठ आणि त्यांच्या हाताखालचे एकाच गटसत्रात बसवले की सगळे शहाण्यासारखं बोलतात. गट सात-आठ जणांहून लहान असेल तर गटाच्या आलेखावरून कोणाचा गुण कोणता ते ओळखता येतं. अशा वेळी आलेख दाखवूच नये. नुसती सरासरी दाखवणंही फसवं आहे: अर्धे ८० वर आणि अर्धे १२० वर असतील तर सरासरी १०० येते, आणि त्या टीममध्ये १०० वर एकही माणूस नसतो. खरं भांडण तर याच दोन टोकांत चाललेलं असतं. आणि एकदा टप्प्यांची नावं कळली की चहाच्या टपरीवर ‘तो ना, अजून डिनायलमध्ये आहे’ अशी नवी जातवारी सुरू होते. ही शेवटची गोष्ट पूर्ण थांबवता येत नाही, पण गटसत्रात आधीच हसत-हसत तिचा उल्लेख केला तर बरीच कमी होते. भरती, बढती किंवा मूल्यमापनासाठी हे गुण वापरणं हा तर सरळ गैरवापर. एकदा तशी कुणकुण लागली की पुढच्या वर्षी कोणीही खरी उत्तरं देणार नाही.

अहवालाबरोबर वैयक्तिक विकास आराखडा मिळतो. तो वाईट नाही, पण मजकूर सर्वांना पुरेल असा ढोबळ आहे: वाचा, प्रवास करा, वेगळ्या लोकांत मिसळा. एवढ्यावर कोणी हलत नाही. अमेरिकेत परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांवर जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पुढाकारानं मोठा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात आयडीआयच वापरली होती. नुसतं परदेशात राहून गुण फारसे वाढत नाहीत. सोबत कोणी मार्गदर्शक असेल, अनुभवावर नियमित बोलणं होत असेल, तर वाढतात, असं त्यात दिसलं. ‘दोन वर्षं ऑनसाइट होता, त्याला काय शिकवायचं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. म्हणूनच आराखड्यातून एकच काम निवडावं, ते रोजच्या कामाला जोडावं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा तास त्यावर बोलायला माणूस ठेवावा.

बाजारातल्या इतर साधनांबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली सुप्त पूर्वग्रहांची चाचणी प्रोजेक्ट इम्प्लिसिटच्या संकेतस्थळावर फुकट करता येते. कळफलकावर शब्द आणि चित्रं झटपट वेगळी करायची, लागलेल्या वेळेवरून निकाल. चर्चेला तोंड फोडायला उत्तम, पण तोच माणूस पुन्हा बसला तर निकाल बदलू शकतो. एकेकट्या माणसाबद्दल निर्णय घ्यायला ती नाहीच. डच संशोधक हॉफस्टेड यांनी एकेका देशाच्या संस्कृतीला दिलेले गुणांक अजून प्रत्येक स्लाइडवर दिसतात. ते १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून निघाले. सत्तेतल्या अंतरासाठी, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी लोक किती स्वाभाविक मानतात यासाठी, भारताला ७७ दिले आहेत. कोल्हापूरची तालीम आणि कोहिमाचं चर्च एकाच ७७ मध्ये बसवायचं असेल तर खुशाल वापरा. कल्चरल इंटेलिजन्सची, म्हणजे वेगळ्या संस्कृतीत निभावून नेण्याची क्षमता मोजणारी, २० विधानांची पट्टी सुटसुटीत आहे आणि प्रेरणा, ज्ञान, आखणी, वागणूक अशी चार अंगं वेगळी दाखवते. पण उत्तर देणाऱ्यानं स्वतःबद्दल जे सांगितलं तेच ती दाखवते. आपण समजतो तिथे आपण नाही, हे दाखवून देण्यात आयडीआय तिच्यापेक्षा सरस ठरते.

एक गैरसमज मात्र महाग पडतो. आयडीआय घेतली म्हणून कायद्यानं घालून दिलेलं काम झालं असं होत नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते आणि जागृतीच्या कार्यशाळा ठरावीक काळानं घ्याव्याच लागतात. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार धरले आहेत आणि आस्थापनांना समान संधी धोरण करावं लागतं. ‘डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन’ या एकाच खात्यात तिन्ही खर्च टाकून एकाचं बिल तिन्हींसाठी दाखवण्याची चलाखी करू नये. रॅम्प नसलेल्या इमारतीत अ‍ॅडॅप्टेशनचे गुण घेऊन काय करायचं?

घ्यावी कोणी? ज्यांचं परदेशी टीमशी रोज काम पडतं, ज्यांच्या मतानं निर्णय फिरतात आणि ज्यांना किमान सहा महिने मागे लागायला वेळ आहे, अशा १५ ते २५ जणांच्या गटाला ती लाभते. हजार जणांना एकदम लिंक पाठवणाऱ्यांना लाभत नाही. कोटेशन मागताना चाचणीचं माणशी शुल्क, वैयक्तिक चर्चेचे तास आणि नंतरच्या पाठपुराव्याचे तास अशा तीन वेगळ्या ओळी मागा. ठोक रक्कम असेल तर नेमके दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतले तास खाल्लेले असतात. पुन्हा चाचणी घ्यायची असेल तर सहा-नऊ महिन्यांच्या आत घेऊ नका. पाच टप्पे ताजे आठवत असले की गुण उगाच चढतात. दुसऱ्या फेरीचं शुल्क वेगळं पडतं, तेही पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.